न पटणाऱ्या कसबांचं काय करायचं? भूमिकाखेळ खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान ओसरीवर, समाजमंदिरात किंवा कृषी केंद्राच्या मागच्या खोलीत फासे घेऊन बसणाऱ्या मंडळींसाठी आहे. एक जण खेळ चालवतो, त्याला सगळेच जीएम (गेम मास्टर) म्हणतात. बाकीचे तीन ते पाच जण एकेक पात्र घेतात. उदाहरणं एकाच काल्पनिक खेळातली आहेत: १७५० चा सुमार, पहिल्या रघुजी भोसल्यांचा काळ, वैनगंगेकाठचं एक गाव, आणि थोडीफार जादू. नियमांचे आकडे जिथे लागले तिथे डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले घेतले आहेत, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते.

न पटणारं कसब म्हणजे नेमकं काय?

खेळाडू पात्राची मागची गोष्ट लिहून आणतो. पोरगा सतरा वर्षांचा, तलवारीत तरबेज, वैद्यकी पाठ, तीन भाषा फाडफाड बोलतो, आणि वर ‘लहानपणीच मायबाप गेले’. कोणी शिकवलं याचा पत्ता नाही.

अशा गोष्टी तीन जागी अडतात. वयात बसत नाहीत, ठिकाणा-काळात बसत नाहीत, किंवा नियमात बसत नाहीत: गोष्ट म्हणते ‘पाच लढाया जिंकलेला सरदार’ आणि कागदावर पहिली लेव्हल, म्हणजे नवख्याची पायरी.

चौथी जात वेगळीच आहे आणि नवख्या जीएमला तीच फसवते. तिच्यात न पटण्यासारखं काहीच नसतं. ‘माझा बाप परगण्यातला सर्वात मोठा पाटील, शंभर बंड्या धान्य घरात पडलंय.’ असे पाटील होतेच की. पण हे मान्य केलं तर दुष्काळावर बेतलेला खेळ पहिल्याच बैठकीत आटोपतो.

मग न पटणारं असलं की नाही म्हणायचं का?

नाही. गोष्ट पटत नाही याचा त्रास क्वचितच होतो. त्रास होतो ते कसब फुकट मिळालं, किंवा त्यानं दुसऱ्या खेळाडूच्या वाट्यावर पाय दिला, की. ढोरकी पोरगा बासरी अशी वाजवतो की राजदरबारी वाजावी, हे कितीही अशक्य वाटलं तरी कोणाचं बिघडत नाही. बेलाशक हो म्हणा.

ही कल्पना नवी नाही. गर्प्स नावाच्या खेळात, जो १९८६ मध्ये आला, ‘अनयूज्वल बॅकग्राउंड’ अशी विकत घ्यायची गोष्टच आहे. त्या जगात इतरांना सहसा न मिळणारी क्षमता पात्राला हवी असेल तर तिच्या नेहमीच्या किमतीवर आणखी गुण मोजायचे, आणि किती ते जीएमनं ठरवायचं. त्याच नियमात पुढे म्हटलंय की गोष्ट नुसतीच विचित्र असेल आणि तिच्यातून प्रत्यक्ष फायदा काही नसेल, तर गुण घेऊ नयेत. कोणताही खेळ खेळा, हे एक कलम वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

खेळाडूला काय विचारायचं?

चार प्रश्न, याच क्रमानं. कोणाजवळ शिकला? किती वर्षं? त्यापायी काय राहून गेलं? हे तुला येतं हे अजून कोणाला ठाऊक आहे?

पहिल्या दोन प्रश्नांनी गोष्ट पटायला लागते. तिसऱ्यानं किंमत ठरते. चौथा जीएमच्या फायद्याचा, कारण त्यातून पुढच्या तीन बैठकींचा माल निघतो. टेबलावर ते साधारण असं चालतं:

‘माह्या पात्राले फारसी येते.’
‘कोणाजवळ शिकला?’
‘बापाजवळ.’
‘अन् बापाले कोणं शिकवली?’
‘बाप कारकून होता न नागपूरले. दफ्तरात.’
‘मंग तू इथं गावात काऊन आहे?’
‘बाप हिशोबात सापडला. रातोरात निघालो.’
‘म्हणजे नागपूरले तुह्या बापाले ओळखणारे लोक आहेत.’
‘आहेत न. तेच त भेव आहे.’

दीड मिनिट लागलं. फारसी मिळाली, आणि जीएमच्या हाती एक पळालेला कारकून, एक अर्धवट हिशोबाची वही आणि पाठलाग करणारा शिपाई आला. हे खेळाडूनंच आणून दिलंय, त्यामुळे पुढे शिपाई दारात उभा राहिला तर ‘जीएमनं मुद्दाम केलं’ असं कोणी म्हणत नाही.

हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारा, पण उलटतपासणीच्या सुरात नको. खेळाडू अडला तर बाकीच्यांनी सुचवायला हरकत नाही, आणि पुष्कळदा तेच अधिक चांगलं सुचवतात. चौथ्या प्रश्नाला ‘कोणालेच माहीत नाही’ हे उत्तर मात्र घेऊ नका. शिकवणाऱ्याला तरी माहीत असतंच.

वयाचा हिशोब कसा धरायचा?

१९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात पात्र तयार करतानाच त्याच्या आयुष्याचे चार-चार वर्षांचे टप्पे खेळले जातात आणि प्रत्येक टप्प्यात थोडं काही शिकून होतं. त्या पहिल्या आवृत्तीत खेळ सुरू होण्याआधीच, नोकरीतच, पात्र मरूही शकायचं. तेवढं कडक व्हायची गरज नाही, पण चार वर्षांचं माप कामाचं आहे.

बाराव्या वर्षापर्यंत जे येतं ते गावात सगळ्यांनाच येतं: बैल हाकणं, झाडावर चढणं, रानातली फळं ओळखणं. ते लिहायचं नाही, मोजायचं नाही. त्यापुढे दर चार वर्षांना एक कसब. वीस वर्षांच्या पात्राला दोन, चोविसाव्याला तीन. २०१४ च्या नियमात पार्श्वभूमीतून, म्हणजे पुस्तकातून निवडलेल्या पात्राच्या आधीच्या आयुष्यातून, दोनच स्किल (कसबं) मिळतात, म्हणजे वीस वर्षांचं पात्र धरलं की दोन्ही हिशोब आपसूक जुळतात.

भाषेला चार वर्षं धरू नका. त्याच पुस्तकात नवी भाषा किंवा अवजार शिकायला २५० दिवस आणि रोजचं एक सोन्याचं नाणं असा भाव दिलाय. भाषा ही वर्षाच्या आत येणारी गोष्ट आहे, मात्र शिकवणारा सोबत राहिला पाहिजे.

वय वाढवून कसबं मागणारा खेळाडू भेटतोच: ‘मंग माह्यं पात्र साठ वर्षांचं.’ हरकत नाही. फक्त शरीराचे आकडे त्याच प्रमाणात खाली आणा, आणि ते कुठून काढायचे ते त्यालाच विचारा. जोर, चपळाई, दम यांतून दोन जागी दोन-दोन कमी केले की बहुतेकांचं वय पुन्हा पस्तिसावर येतं.

आमच्यात एकाला खलाशी व्हायचंय. विदर्भात समुद्र कुठून आणायचा?

समुद्र आणायची गरज नाही, नदी आहे. वैनगंगा पुढे वर्धा नदीला मिळते, तिथून तिला प्राणहिता म्हणतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. खालच्या अंगाला लाकडाच्या तराफ्यांवर गेलेला आणि चार पावसाळे घरी न परतलेला माणूस या नकाशात बसतो.

इथे एक बारकावा आहे. खलाशी पार्श्वभूमीत पुस्तकाप्रमाणे दोन स्किल, एक अवजार-संच वापरणं आणि जलवाहनं चालवणं येतं, शिवाय ‘जहाजावर फुकट प्रवास’ ही सोय. वैनगंगेकाठच्या खेळात ही सोय जन्मात उपयोगी पडणार नाही. न पटणारं कसब दिल्यामुळे खेळाडूचंच नुकसान व्हायची ही वेळ. तेव्हा सोय बदलून द्या: ‘नदीकाठच्या कोणत्याही घाटावर डोंगेवाला याला पैसे न घेता पार करतो.’ पार्श्वभूमी जुळवून घ्यायला त्या पुस्तकात परवानगीच आहे.

२०२४ च्या नव्या पुस्तकात या सोयी काढून टाकल्या आहेत. तिथे पार्श्वभूमीतून गुणांची वाढ आणि एक सुरुवातीचा ‘फीट’, म्हणजे खास क्षमता, मिळतो. दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावर असतील तर पात्र कोणत्या पुस्तकावरून केलंय ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

ढोरक्याला सांकेतिक लिपी वाचता येते. हे कसं पटवायचं?

यासाठी विदर्भासारखी जागा नाही. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं ठिकाण, आणि या पंथानं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. मठाची गुरं राखणारा, संध्याकाळी पोथी ऐकत बसणारा पोरगा चार अक्षरं उचलेल. पण त्याला ती एकच लिपी येते. दफ्तरातली मोडी त्याला येईलच असं नाही, आणि कुठल्याही गुप्त खुणा वाचता येतील असं तर अजिबात नाही. न पटणारं कसब अरुंद करून दिलं की ते पटतं आणि रंगतदारही होतं.

बंगाली बोलणारा वऱ्हाडी शिपाई? १७४० च्या दशकात भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार गेल्या. चार वर्षं छावणीत काढलेला माणूस बाजारापुरतं बोलतो. वाचता येत नाही म्हणा आणि पुढे चला.

याच्या उलटी चूकही होते. ‘गोंडी येते म्हणजे कोरकूही कळेल, दोन्ही जंगलातल्याच.’ नाही कळणार. गोंडी द्राविडी कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. मेळघाटात उतरलेल्या गोंडी बोलणाऱ्या पात्राला दुभाषी लागेल.

हे सगळं आकड्यात कसं बसवायचं?

इथेच बहुतेक टेबलं गडबडतात, म्हणून जरा सावकाश.

पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाचा आकडा १५. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपली बेरीज मिळवायची. काहीच बेरीज नसलेल्याला १५ यायची शक्यता ३० टक्के. पहिल्या लेव्हलला प्रावीण्याचे, म्हणजे ते कसब शिकल्याचे, +२ मिळाले की ४० टक्के. अंगचा गुण +३ आणि प्रावीण्य +२ मिळून +५ असेल तर ५५ टक्के. नव्या पात्रासाठी हा उत्तम हात समजला जातो.

आता जीएम खूश होऊन म्हणतो, ‘तुझी गोष्ट झकास आहे, या कामात तुला कायम ॲडव्हांटेज.’ म्हणजे फासा दोनदा टाकायचा आणि मोठा आकडा घ्यायचा. ५५ टक्क्यांचे थेट ८० होतात. बेरीज नसलेल्याचे ३० चे ५१ होतात, म्हणजे नुसत्या गोष्टीच्या बळावर तो खऱ्या तरबेज माणसाच्या शेजारी जाऊन बसला. शेजारचा खेळाडू, ज्यानं नियमानं प्रावीण्य घेतलं, तो गप्प होतो. तो तिसऱ्या बैठकीला ‘ओलिताची पाळी आहे’ म्हणून येत नाही, आणि कारण कोणाला समजत नाही.

त्याऐवजी पायऱ्या अशा ठेवा. सर्वात खाली: फासा न टाकता माहिती. मठात वाढलेल्याला पोथी ओळखता येते, संपलं. त्यावर: त्या कामाला प्रावीण्याची निम्मी बेरीज, म्हणजे पहिल्या लेव्हलला +१. त्यावर: पूर्ण प्रावीण्य, पण पार्श्वभूमीच्या दोन जागांपैकी एक खर्चून. ॲडव्हांटेज द्यायचाच तर बैठकीला एकदा, आणि त्या प्रसंगात गोष्टीतला तोच माणूस किंवा तीच जागा समोर असेल तेव्हा.

थर्टीन्थ एज या खेळाची पद्धत याहून सुटसुटीत आहे. स्किलची यादीच नाही. पार्श्वभूमींवर वाटायला आठ गुण, एका पार्श्वभूमीवर जास्तीत जास्त पाच. ‘रिद्धपूरच्या मठातला ढोरकी +५, शंकरपटातला धुरकरी +३’ एवढं लिहिलं की झालं. फासा टाकायच्या वेळी खेळाडूनं सांगायचं की यातली कोणती पार्श्वभूमी इथे का लागू पडते. धोका एकच: ‘सगळं पाहिलेला भटक्या +५’. ही पार्श्वभूमी कुठेही लागू पडते, म्हणून चालत नाही. गाव, मालक किंवा काम यांपैकी एकाचं नाव त्यात असलंच पाहिजे.

फेट नावाचा खेळ खेळत असाल तर न पटणारं कसब ॲस्पेक्ट, म्हणजे पात्राची ओळख सांगणारं वाक्य, म्हणून लिहा. फेट पॉइंट खर्चून +२ किंवा पुन्हा फासे, आणि तेच वाक्य जीएमला पात्राविरुद्ध वापरता येतं. किंमत आपोआप वसूल होते. पॉइंटांसाठी चिंचोके उत्तम. बैठकीच्या सुरुवातीला सहसा प्रत्येकी तीन.

‘मी पूर्वी सेनापती होतो’, पण लेव्हल पहिलीच. काय करावं?

‘पूर्वी’ या शब्दाला धरा. डोक्यातलं राहिलं, हातातलं गेलं. सेनापतीला फौजेची मांडणी पाहून उद्या हल्ला कुठून येईल ते सांगता येतं, जुन्या शिपायांची नावं आठवतात, किल्ल्याचा कमकुवत बुरूज दिसतो. तलवार मात्र इतर पहिल्या लेव्हलवाल्यांसारखीच. का, ते खेळाडूनं ठरवायचं: मनगटावरचा वार, अफू, तुरुंगातली वर्षं.

‘जखम बरी झाली की जुनं बळ परत येईल’ अशी अट घालून घेणारा खेळाडू जपून. लेव्हल सगळ्यांचीच वाढते. त्याची वाढ ‘परत येणं’ आहे असं तो गोष्टीत म्हणू शकतो, वेग मात्र सगळ्यांचा सारखा.

रानात अन्नपाणी शोधणाऱ्या पार्श्वभूमीनं आमचा दुष्काळाचा खेळच बसला. आता?

‘आउटलँडर’ची ती सोय: स्वतःसह आणखी पाच जणांपुरतं अन्न आणि गोडं पाणी रोज शोधता येतं. सहा जणांचं पोट फासा न टाकता भरतं. पण वाक्य पुरतं वाचा. त्या मुलखात कंदमुळं, फळं, लहान शिकार, पाणी असं काही उपलब्ध असेल तर, अशी अट तिथेच आहे. नदी आटलेली, मोह फुललेला नाही, तळ्यात भेगा पडल्यात, अशा वैशाखात ती लागू होत नाही. हे पात्र तयार करतानाच सांगा. चौथ्या बैठकीत सांगितलं तर ती फसवणूक वाटते, आणि खेळाडूचं चुकत नाही.

खेळ ऐन रंगात असताना एखाद्याला कसब ‘आठवतं’. चालू द्यायचं?

‘अरे हो, मी लहानपणी कुलपं उघडायला शिकलो होतो.’ नेमकं कुलपासमोर उभं असताना.

चालू द्या, मोजून. पात्राच्या कागदावर सुरुवातीलाच दोन ओळी कोऱ्या ठेवायच्या. खेळात कधीही त्यातली एक भरता येते, एका बैठकीत एकच. दोन्ही संपल्या की संपल्या. कोरी ओळ भरतानाही पहिला आणि चौथा प्रश्न विचारायचाच, उत्तर एका वाक्यात. पाचव्या लेव्हलला एक नवी कोरी ओळ द्या.

२०१७ च्या ब्लेड्स इन द डार्क या खेळात मागे जाऊन ‘मी याची तयारी आधीच केली होती’ म्हणता येतं आणि त्याची किंमत पात्रावरच्या ताणाच्या गुणांत मोजली जाते: सहज शक्य असेल तर शून्य, जरा ओढूनताणून असेल तर एक, फारच लांबचं असेल तर दोन किंवा जास्त. हेच माप चिंचोक्यांत वापरता येतं. टेबलावर तीन चिंचोके असलेल्या खेळाडूनं दोन कुलपावर घालवले तर पुढे तो स्वतःच हात आखडतो.

दोघांना एकच कसब हवंय.

दोघांनाही ‘माग काढणं’ हवं असेल तर त्याचे दोन तुकडे करा: एक जनावराचा माग ओळखतो, दुसरा माणसाचा. एकाला ओल्या चिखलातला पाऊलठसा कळतो, दुसऱ्याला मोडलेल्या फांदीवरून दिशा कळते. तुकडे होत नसतील तर एकजण गुरू, दुसरा चेला. चेल्याला निम्मी बेरीज, आणि गुरू शेजारी असताना पूर्ण. भांडण होण्याऐवजी दोघं एकत्र फिरतात.

ढिवराला पोहणं, गोंडाला तिरंदाजी, पारध्याला माग, असं जमातीवरून कसब द्यायचं का?

नाही. खेळात ते सोयीचं दिसतं, आणि तिथेच घोळ आहे. जन्मावरून कसब ठरवलं की जन्मावरून गुन्हाही ठरवता येतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कित्येक जमातींवर तो शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला तरी शिक्का अजून पुसलेला नाही. तुमच्या टेबलावर बसणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात त्या आठवणी असतील, हे धरूनच चला.

नियम सोपा आहे. कागदावर कसबाच्या पुढे जमात लिहायची नाही, शिकवणाऱ्याचं नाव लिहायचं. ‘तिरंदाजी, आत्याकडून, चार वर्षं.’ कोणालाही लागू, कोणालाही मोजून. खेळाडूला स्वतःच्या समाजातलं काही पात्रात आणायचं असेल तर तो आणेल. दुसऱ्यानं सुचवू नये.

मंत्रानं साप उतरवणारं पात्र चालेल?

जगात जादू चालते असं ठरलं असेल तर बाकीच्या जादूसारखंच, तेवढ्याच किमतीला. लहान पोरं ऐकत बसली असतील तर एवढं बोलून टाका: खेळाबाहेर साप चावला तर दवाखाना. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

खेळाडूला स्वतःला जे येतं ते पात्राला येतं का?

गावातल्या टेबलावर हा प्रश्न उलटा येतो. पाचही खेळाडूंना वखर, डवरा, तिफण ठाऊक असते आणि पुस्तक म्हणतं ‘जनावर हाताळणीचा फासा टाका’. टाकू नका. रोजच्या शेतकामाला फासा नाही. बैल बुजलाय, बंडी नाल्यात कलंडतेय, मागून कोणी येतंय, तेव्हाच.

खेळाडू इलेक्ट्रिशियन आहे म्हणून १७५० चं पात्र वीज ओळखणार नाही, हे मात्र त्यालाही पटतं. बहुतेक वेळा.

दहा-बारा वर्षांची पोरं खेळतात. हे सगळं त्यांनाही?

नाही. त्यांना सरळ हो म्हणा. ‘माह्या वाघाशी दोस्ती आहे.’ आहे. फक्त वाघ सांगेल ते ऐकेलच असं नाही.

खेळ सुरू झाल्यावर कळलं की एखादं कसब जास्तच झालं. परत कसं घ्यायचं?

बैठकीत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, त्या एकट्याशी. ‘तुझं कसब मी मोठं देऊन बसलो, चूक माझी’ इथून सुरुवात करा, कारण बहुधा ती असतेच.

मग तीन वाटा. कसब तेच ठेवून अरुंद करायचं: कुठलीही लिपी ऐवजी सकळ लिपी. किंवा तेच ठेवून किंमत लावायची: बैठकीला एकदाच, नाही तर एक चिंचोका. किंवा काढून टाकून तेवढ्याच वजनाचं दुसरं द्यायचं. खेळाडूनं निवडायचं, जीएमनं नाही. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांना एका वाक्यात सांगायचं.

गोष्टीतल्या गोष्टीत शिक्षा करून कसब काढून घेऊ नका. हात तोडणं, गुरूनं शाप देणं वगैरे. खेळाडूला बरोबर कळतं की हा राग कुठला आहे.

वीस बाजूंचा फासा नाही. चिठ्ठ्या चालतील?

चालतील. एकाच कागदाच्या वीस सारख्या चिठ्ठ्या, १ ते २०, स्टीलच्या डब्यात. दर वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकून डबा हलवायचा. परत टाकली नाही तर २० एकदा निघाल्यावर पुन्हा येत नाही आणि वरचे सगळे टक्के खोटे पडतात.

हे लिहून कुठे ठेवायचं?

वहीत. व्हॉट्सॲपवर टाकलेलं दोन महिन्यांनी सापडत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत खेळ बंद पडतो, आणि माघात पुन्हा बसलं की कोणाला काय दिलं होतं ते आठवत नाही. दर पात्राला एक पान, दर कसबाला एक ओळ. नमुना:

फारसी (बोलणं, वाचणं). बापाकडून, वर्षभर. राहून गेलं: शस्त्र धरणं. ठाऊक: नागपूरच्या दफ्तरातले दोघे. किंमत: पार्श्वभूमीची एक जागा.
नदीची वाट ओळखणं. मामाकडून, दोन पावसाळे. राहून गेलं: काही नाही. ठाऊक: घाटावरचे सगळे. किंमत: काही नाही, फासा न टाकता माहिती.
कोरी.
कोरी.

‘राहून गेलं’ समोर ‘काही नाही’ असेल तिथे किंमतही शून्याजवळच हवी. दोन्ही रकान्यांचा मेळ बसत नसेल तर ती ओळ पुन्हा बघा.

जीएमच्या पात्रांनाही हाच हिशोब लागू?

आकडे नाहीत, पहिले दोन प्रश्न मात्र लागू. गावातल्या सुईणीला विषं ओळखता येत असतील आणि खेळाडूंनी विचारलं ‘हे हिला कसं येते?’, तर जीएमकडे एका ओळीचं उत्तर तयार पाहिजे. बहुतेक वेळा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘माह्या पात्रालेही शिकव म्हणा.’ शिकवेल. विषाचा संच हे अवजार धरा, म्हणजे पुस्तकाच्या भावानं २५० दिवस. मृगाच्या पेरणीला सुरुवात केली तर महाशिवरात्रीच्या आसपास संपेल. तेवढ्या दिवसांत पात्र सुईणीच्या दारातून हललं नाही, तर बाहेर गावात काय काय घडून गेलं ते जीएमनं आधीच लिहून ठेवावं.